चौदा आणे

आमच्याकडे आंबा सोळा आणे तयार होईपर्यंत झाडावर ठेवत नाहीत. चौदा आणे झाला की काढतात. देठाच्या दोन्ही बाजूंनी खांदे वर आले, देठापाशी खळगी पडली, गडद हिरवा रंग जरा निवळला, की झेला, म्हणजे टोकाला जाळी बांधलेली काठी, लावायचा आणि देठासकट फळ उतरवायचं. मग ते आढीत जातं. गवताच्या थरांत आठ-दहा दिवस ते आपल्या आपण रंग धरतं, वास धरतं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले, पण देवगडच्या बागांत ते अजून चालतात. ज्यांनी आणा कधी हातात धरला नाही अशी पंचविशीतली मुलंही झाडाखाली मान वर करून ‘चवदा आणे झालो’ असं सांगतात.

सोळा आणे का होऊ द्यायचा नाही, हे लहानपणी शेजारच्या तात्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं : ‘झाडार जास्त ऱ्हवलो तर साको धरता रे झिला.’ साका म्हणजे गराच्या आत होणारा पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. वरून फळ अगदी देखणं, साल नितळ, रंग भरलेला, कापल्यावर कळतं. फळ झाडावर जास्त राहिलं, खालच्या तापलेल्या जमिनीची धग लागली, की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतीचा गर बिघडतो. या एका दोषापायी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ दिला, पुढे ‘सिंधू’ दिला. दोन्हींत साका नाही. तरी बाजार हापूसच मागतो आणि बागायतदार हापूसच लावतो, यातही काहीतरी आहे.

आपल्या बोलण्यात ‘सोळा आणे’ म्हणजे परिपूर्ण, बावनकशी, शंका नको असं. ज्या फळामुळे हा किनारा जगाला ठाऊक झाला, त्याच्याबाबतीत मात्र आमच्या वाडवडिलांनी दोन आणे मागे ठेवायचे ठरवले. हे दोन आणे गवताचे, अंधाराचे, वेळेचे. गेली काही वर्षं मी गावातल्या, तालुक्यातल्या कामांकडे बघतो तेव्हा मला सारखं वाटतं की आंब्याच्या बाबतीत जे शहाणपण आमच्या हाताला आहे, ते घर बांधताना, देऊळ बांधताना, समुद्रकिनाऱ्यावर सरकारी निधी खर्च करताना कुठे जातं?

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून दोन शब्द आमच्या फलकांवर सारखे दिसतात : सुशोभीकरण आणि जीर्णोद्धार. दोन्ही शब्द चांगले आहेत. सुशोभीकरणात मात्र आधी शोभा नव्हती असं गृहीत धरलेलं असतं, आणि जीर्णोद्धारात हल्ली उद्धार राहतो आणि जीर्ण ते जातं. तळ्याच्या काठाला स्टीलचं रेलिंग येतं. पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, पेव्हर ब्लॉक बसतात. देवळाच्या फणसी खांबांच्या जागी ग्रॅनाइट चिकटवलेले काँक्रीटचे कॉलम येतात. उद्घाटनाच्या दिवशी सगळं सोळा आणे असतं. माझं म्हणणं असं आहे की तीच त्याची अडचण आहे. त्या दिवसापासून पुढे त्या वस्तूला फक्त खालीच जायचं असतं.

आमच्या गावच्या देवळाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट आमच्या एका गावाची नाही. सभामंडपाला लाकडी खांब होते, वर उतरतं कौलारू छप्पर. पुढच्या रांगेतल्या एका खांबाचा तळ कधीकाळी कुजला होता. कुणा सुताराने कुजलेला भाग कापून तिथे हातभर नवा तुकडा सांधला होता. तुकडा दुसऱ्या लाकडाचा, त्याचे रेषे वेगळ्या दिशेने गेलेले, रंग एक छटा काळा. सांधा तिरका घेतला होता आणि त्यात लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. आजोबा सांगत की त्यांच्या लहानपणीही तो तसाच होता. पालखीच्या वेळी गर्दी झाली की आम्ही पोरं त्या खांबाला टेकून बसायचो आणि नखाने त्या सांध्याची रेघ चाचपायचो. रेघ कुठे आहे हे डोळे मिटूनही कळायचं. माझ्यापुरतं ते देऊळ त्या रेघेपासून सुरू व्हायचं.

जीर्णोद्धाराच्या सभेत तो खांब पुरावा म्हणून पुढे आला. ‘हे बघा, खांब कुजलेत, ठिगळं लावलीत, देवाला हे शोभतं का?’ बोलणारे मुंबईहून आलेले चाकरमानी होते आणि त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. वर्षानुवर्षं गिरणगावात, मग कल्याण-डोंबिवलीत दाटीवाटीने राहून त्यांनी देवासाठी पैसे बाजूला टाकले होते. ज्याला आयुष्यभर जुन्या, गळक्या जागेत राहावं लागलं, त्याला देवाचं घर नवंकोरं, झगझगीत हवं असतं. मी त्यांच्याशी वाद घालायला उभा राहिलो आणि मला नीट मांडता आलं नाही. मी म्हटलं, ‘तो सांधा चांगला आहे.’ सभा गप्प झाली, मग पुढचा विषय सुरू झाला. जे तेव्हा सांगायला हवं होतं ते आता लिहितो आहे.

त्या सांध्याने काय सिद्ध केलं होतं? एक, की खांब दुरुस्त होऊ शकतो. दोन, की दुरुस्ती करणारा माणूस गावात किंवा शेजारच्या गावात होता. तीन, की दुरुस्तीला गावची ऐपत पुरत होती. त्या एका डागात देऊळ आणि गाव यांचं नातं दिसत होतं. काँक्रीटच्या कॉलमला असा सांधा बसत नाही. आमच्या किनाऱ्यावर काँक्रीटचं काय होतं हे सगळे रोज पाहतात. खारी हवा आणि पाणी बारीक भेगांतून आत शिरतं, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि वरचा थर आतून फुटून खपल्या पडतात. स्लॅब गळायला लागला की त्याच्यावर पत्र्याची शेड चढते. म्हणजे छपरावर छप्पर. तालुक्यात फिरा, नव्या बांधलेल्या किती घरांवर, किती देवळांवर अशी निळी-लाल शेड आहे ते मोजा. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलुखात उतरतं छप्पर कशासाठी होतं, हे आपण सपाट स्लॅब टाकून विसरलो आणि पत्रा घालून आठवलं.

हा साका आहे. वरून ग्रॅनाइट आरशासारखं, आत सळई गंजते आहे. सालीवरचा डाग आणि गरातला साका यांत आपण फरक करत नाही, डागाला घाबरतो आणि साका पदराला बांधून घेतो.

जांभ्याचंच घ्या. कोकणचा हा दगड भोकाभोकांचा, खडबडीत, कुठे पिवळा, कुठे तांबडा, कुठे जांभळट. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश निरीक्षकाने मलबारातल्या अशाच दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिलं, कारण तिथली माणसं तो जमिनीतून विटेसारखा कापून काढत होती. खाणीतून निघताना तो मऊ असतो, वाऱ्या-उन्हात राहिला की टणक होतो. म्हणजे जांभाही आंब्यासारखाच : काढल्यावर पुरा होणारा. या सच्छिद्र दगडाची भिंत चुन्यात बांधली आणि उघडी ठेवली, की ओल आत शिरते तशी बाहेरही पडते. तिच्यावर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवला आणि वर ऑइल पेंट फासला, की ओल आत अडकते. मग दर पावसाळ्यानंतर पोपडे. आम्ही पोपडे खरवडून पुन्हा रंग देतो आणि ‘जांभ्याची भिंत ओल धरते’ असं म्हणतो.

भोकं हाच त्या दगडाचा गुण आहे. पाखाडीची जांभ्याची पायरी भर पावसात पायाला धर देते. तिच्या खड्ड्यांत पाणी मुरतं. शेवाळ तिच्यावरही येतं, पण खडबडीत पृष्ठावर पाऊल थांबतं. पॉलिश केलेल्या फरशीवर पाऊल थांबत नाही. आमच्या देवळाच्या नव्या पायऱ्यांवर पहिल्याच श्रावणात दोन वयस्क बायका घसरल्या, आणि आता तिथे रबरी पट्ट्या चिकटवल्या आहेत.

याच जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं आहेत. कशेळीच्या हत्तीची लांबी-रुंदी अशी की जवळून तो कळतच नाही, लांब जाऊन बघावा लागतो. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्यापाशी उभा राहिलो की मला एक गोष्ट फार लक्षात येते : कोरणाऱ्याने आधी कातळ घासून गुळगुळीत केलेला नाही. रेघ चालली आहे, वाटेत भोक आलं, रेघ त्या भोकातून पुढे गेली. दगडाने जे दिलं ते चित्रात घेतलं. देवगड तालुक्यात वाड्याला विमलेश्वराचं देऊळ डोंगरातल्या जांभ्यात कोरलेलं आहे. तिथेही दगडाची ही भोकं लपवलेली नाहीत. ओबडधोबड म्हणून हिणवायला हे लोक काही नवशिके नव्हते.

आणि सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ ते १६६७ या काळात मालवणच्या समुद्रात उभा राहिलेला. त्याच्या तटात चुन्यात उमटलेला एक हात आणि एक पाय आहे. परंपरा ते ठसे शिवाजी महाराजांचे मानते. गवंड्याच्या दृष्टीने ओल्या चुन्यात उमटलेला पंजा म्हणजे कामातला बिघाड. थापी फिरवायची आणि मोडून टाकायचा. इथे थापी फिरवली नाही, त्यावर घुमट्या बांधल्या. मालवणहून होडीने जाणारा प्रत्येक माणूस तिथे वाकून आत बघतो. तटाची लांबी, बुरुजांची संख्या माणसं विसरतात, तो ठसा विसरत नाहीत.

आता मला उलट बाजूने विचार करायला हवा, कारण या विषयावर लिहिणाऱ्यांचा हात फार लवकर गोड होतो.

अपूर्ण ते सुंदर, असं सरसकट म्हणणं खोटं आहे आणि कधीकधी क्रूरही आहे. माझ्या आईने चाळीस वर्षं शेणाने घर सारवलं. सारवणाच्या अर्धवर्तुळांची ती नक्षी फार देखणी असते, हे खरं. पण ती नक्षी गुडघ्यांवर बसून काढलेली असते. आईचे गुडघे गेले तेव्हा मी माजघरात आणि स्वयंपाकघरात लादी घातली, आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही. तिच्या गुडघ्यांपुढे मी शेणाच्या जमिनीचं कौतुक मांडणार नाही. पर्यटक येतो, दोन दिवस राहतो, सारवलेल्या खळ्याचा फोटो काढतो. ते खळं चोपलं कुणी, सारवलं कुणी, हे विचारत नाही. ज्याची किंमत दुसऱ्याच्या कमरेने भरलेली आहे, त्या सौंदर्याविषयी बोलताना आवाज खाली ठेवावा.

तसंच, निष्काळजीपणाला अपूर्णतेचं नाव देता येणार नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्यावरचे खड्डे आम्ही गणपतीला येता-जाता किती वर्षं मोजले. खड्ड्यात सौंदर्य नाही. पुलाच्या भेगेत नाही, रुग्णालयाच्या गळक्या छपरात नाही, शाळेच्या मोडक्या स्वच्छतागृहात तर मुळीच नाही. सांधलेल्या खांबात आणि खड्ड्यात फरक इतकाच की खांबापाशी कुणीतरी परत आलं होतं, खड्ड्यापाशी कुणी आलं नाही. मी ज्या डागाची बाजू घेतो आहे तो काळजीचा डाग आहे, दुर्लक्षाचा नव्हे.

आणि आपली परंपराही सरसकट माझ्या बाजूने नाही. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. अक्षतांना तांदूळ अखंड लागतो, कणी चालत नाही. पूजेच्या सुपारीपासून नारळापर्यंत सगळं निवडून घेतलं जातं. हे मी नाकारत नाही. त्यामागे देवाला उत्तम द्यावं ही भावना आहे, आणि ती मला कळते. पण त्याच परंपरेत आमची कितीतरी ग्रामदैवतं स्वयंभू पाषाण आहेत. नाक नाही, डोळे नाहीत, घडवलेलं काही नाही. जमिनीतून वर आलेला एक खडक, पिढ्यान्‌पिढ्या तेल-पाणी आणि हात लागून झिजलेला. गाव त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतं तेव्हा कुणाच्या मनात येत नाही की याला जरा आकार द्यायला हवा होता. आणि अक्षतांतून बाजूला काढलेली कणी आमच्या घरात पेजेला जाते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर चवीला मीठ, सोबत लोणच्याची फोड, यावर कोकणातली माणसं शेतावर गेली आहेत. अखंडाची जागा ताम्हनात आणि कणीची वाडग्यात, इतका साधा निवाडा होता तो.

सावंतवाडीच्या गंजिफ्याकडे, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या जुन्या खेळाकडे, पाहिलं की हा निवाडा मला आणखी नीट कळतो. दशावतारी गंजिफ्यात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. पानं गोल, चित्रं हाताने काढलेली. हात म्हटला की थोडा फरक आलाच; एका मत्स्याची शेपटी जरा वर, दुसऱ्याची जरा खाली. त्या फरकानेच तो जोड जिवंत वाटतो. पण पानाची पाठ मात्र एकरंगी आणि सारखी हवी. पाठीवर ओरखडा असेल तर समोरच्याला पान ओळखू येईल आणि खेळच संपेल. कुठे हाताची थरथर चालते आणि कुठे अजिबात चालत नाही, हे त्या चिताऱ्यांना माहीत होतं. पुलाची सळई, औषधाची मात्रा, विजेची जोडणी, बोटीचं इंजिन या पानाच्या पाठी आहेत. तिथे सोळा आणेच हवं. पण देवळाचा खांब, घराची भिंत, पाखाडीची पायरी, आंब्याची साल, तोंडावरची सुरकुती ही पानाची चित्राची बाजू आहे. आपलं हल्ली उलटं झालं आहे. चित्राची बाजू आपण यंत्रासारखी करू पाहतो आणि पाठीकडे दुर्लक्ष करतो.

साल म्हटली म्हणून पुन्हा आंब्याकडे येतो, कारण हा नुसता डोळ्यांचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. आमच्या फळावर डाग पडतात. उतरवताना देठाचा चीक सांडला की त्याची काळी रेघ उठते. फांदी घासली की खरचटतं. फुलकिडीने साल खरखरीत होते. यातले बहुतेक डाग सालीपुरते असतात, आत गराला काही झालेलं नसतं. पण प्रतवारीच्या वेळी ते फळ बाजूला निघतं आणि पेटीऐवजी कॅनिंगच्या क्रेटमध्ये जातं, किलोच्या भावाने. त्याच झाडाचं, त्याच पाण्याचं, त्याच माणसाच्या मेहनतीचं फळ, आणि भाव कुठल्या कुठे. ही भीती टाळायला बागायतदार काय करतो? आणखी एक फवारणी घेतो. ग्राहकाच्या डोळ्याला डाग खुपू नये म्हणून औषध फळावर, पानावर, मातीत, विहिरीत जातं. बाजारात लवकर पोचून सारखा पिवळा रंग दाखवायचा म्हणून बंदी असलेलं कार्बाइड वापरणारे व्यापारी दरवर्षी पकडले जातात. त्यांच्या फळावर डाग नसतो. वासही नसतो.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाच जिल्ह्यांचं नाव फळाला अधिकृतपणे लागलं. मला वाटतं, नाव टिकवायचं असेल तर गिऱ्हाइकाला आंबा बघायला पुन्हा शिकवावं लागेल. पुण्या-मुंबईतल्या वाचकांना माझी थेट विनंती आहे : पुढच्या हंगामात आपल्या ओळखीच्या बागायतदाराला सांगा की डागी फळांची एक पेटी वेगळी भरून द्या, रास्त भावाने घेतो. नाकाशी धरून घ्या, देठाशी वास घ्या. आमच्या आज्या डोळ्यांनी कमी आणि नाकाने जास्त आंबा निवडत.

छपरांबद्दल सांगायचं राहिलं. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या किनाऱ्याने एक रात्र काढली ती अजून अंगावर येते. वर्षभर आधी, ३ जून २०२०ला, रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आपटलं होतं. श्रीवर्धन-मुरुडकडच्या सुपारी-नारळाच्या बागांचे फोटो आम्ही पाहिले होते आणि मनात धरून होतो की आपल्याकडे असं होणार नाही. आमच्या घराची वळचणीकडची कौलं त्या रात्री गेली. शेजारच्या वाडीतल्या एका नव्या शेडचा अख्खा पत्रा उडून माळावर पडला. मी हे कौलाच्या बाजूने पुरावा म्हणून सांगत नाही. वादळात कौलंही उडतात, माणसाला लागतात, आणि पत्रा नीट बांधला तर टिकतोही. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं. मांगरामागे, म्हणजे बागेतल्या खोपटामागे, जुन्या कौलांची रास होती. दरवर्षी पावसाआधी छप्पर शाकारण्याच्या वेळी शाबूत पण जास्तीची कौलं तिथे रचून ठेवायची, ही वडिलांची सवय. वाडीतली चार माणसं आली, शिडी लावली, आणि संध्याकाळपर्यंत घर झाकलं गेलं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून त्या किनाऱ्यावरून गलबतांनी आमच्याकडे ही कौलं आली. पालथं घातलं की पोटावर कारखान्याचं नाव दिसतं. आमच्या छपरावर आता चार वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं आहेत, चार लाल. दुरून ते छप्पर ठिगळांच्या गोधडीसारखं दिसतं. मला ते फार आवडतं. कोणतं ठिगळ कुठल्या वर्षीचं हे मी सांगू शकतो, आणि तौक्तेचं ठिगळ लावायला कोण कोण वर चढलं होतं तेही.

मालवणच्या बाजूला रापण ओढतात, म्हणजे समुद्रात लांब जाळं टाकून सगळे मिळून ते किनाऱ्यावर ओढतात, त्या जाळ्याचंही असंच. रापणीतल्या भागीदारांनी आपापल्या वाट्याचं जाळं आणायचं आणि ते एकत्र जोडून एक मोठं जाळं व्हायचं, अशी रीत. कुणाचा तुकडा नवा, कुणाचा फाटून पुन्हा विणलेला. बांगडे त्याच जाळ्यात येतात आणि वाटेही सगळ्यांना पडतात. असं जाळं सारखं, नितळ करायचं तर ते कुणा एकाच्या मालकीचं करावं लागेल.

मी सार्वजनिक कामांबद्दल इतक्या आग्रहाने बोलतो ते याचसाठी. निर्दोष दिसणाऱ्या वस्तूला बाहेरचा ठेकेदार लागतो, बाहेरचा दगड लागतो, आणि बिघडल्यावर पुन्हा बाहेरचाच माणूस लागतो. ठिगळ लागू शकणाऱ्या वस्तूला गावातला गवंडी, गावातला सुतार पुरतो. दर वेळी आपण जुनं पाडून नवं करतो तेव्हा त्या सुताराच्या मुलाला आणखी एक कारण मिळतं हत्यारं खाली ठेवायचं. मग दहा वर्षांनी आपण म्हणतो, ‘दुरुस्ती करायला माणसंच मिळत नाहीत हो.’ खरंच मिळत नाहीत. आपणच त्यांना काम दिलं नाही.

राज्य सरकारने प्राचीन मंदिरांच्या जतनाचं जे काम हाती घेतलं, त्यात राजापूरचं धूतपापेश्वर आहे. ही वाट बरी आहे. पण शासनाच्या यादीत नाव यायला देऊळ फार जुनं, फार मोठं असावं लागतं. वाडीवाडीतली लहान देवळं, घाट्या, तळ्या, पार, गडगे कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचा निर्णय ग्रामसभेत आणि देवस्थानाच्या बैठकीत होतो, तासाभरात होतो, आणि बहुतेक वेळा पाडण्याच्या बाजूने होतो. माझी मागणी लहान आहे. नवं बांधण्याचा ठराव घेण्याआधी दुरुस्तीचं एक अंदाजपत्रक सभेपुढे ठेवणं सक्तीचं करा. ते स्थानिक गवंडी-सुताराकडून घ्या. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहा, आणि शेजारी लिहा की पुढच्या वीस वर्षांत प्रत्येकाची डागडुजी कोण करणार, किती खर्चात. त्यानंतर गावाला नवंच हवं असेल तर गावाने नवं करावं. निदान तो कागद समोर ठेवून करावं.

आमचं देऊळ पाडलं गेलं. नवं देऊळ स्वच्छ आहे, हवेशीर आहे, जत्रेला जास्त माणसं मावतात, आणि मी तिथे हात जोडतो तेव्हा माझ्या मनात कडवटपणा नसतो. जुने खांब काही दिवस मागच्या शेडमध्ये आडवे पडले होते. मग जुनं लाकूड विकत घेणारा एक माणूस टेम्पो घेऊन आला. असे खांब पुढे किनाऱ्यावरच्या महागड्या निवासांत उभे राहतात, आणि शहरातून आलेली माणसं त्यांच्याशेजारी बसून चहा पितात. त्यातल्या कुणाचा हात त्या तिरक्या सांध्यावरून फिरत असेल, असं मला वाटत राहतं.

देवळाकडून नदीवर उतरणारी पाखाडी मात्र अजून आहे. तिच्यावर पेव्हर ब्लॉक घालण्याचा विषय येत्या ग्रामसभेत आहे. गेल्या रविवारी मी आणि वाडीतला एक गवंडी, दोघांनी ती वरपासून खालपर्यंत पायऱ्या मोजत उतरली. चौऱ्याण्णव पायऱ्या. त्यातल्या सतरा हलतात, चार फुटल्या आहेत, एका ठिकाणी वडाच्या मुळाने दोन पायऱ्या उचलल्या आहेत. मुळाला हात लावायचा नाही, तिथे पायरी वळवून घेऊ, असं तो म्हणाला. चिरे खाणीवरून आणायचे, दोन माणसं, बारा दिवस. त्याने वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला आहे. ते पान मी अर्जाला जोडलं आहे.